विमा कंपनीतून माहिती फुटली. आता आपल्या नावावर कोणी कर्ज काढलं तर?

कराडच्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे. त्यांना आरोग्य विमा कंपनीचा मेल आला: ‘काही ग्राहकांची माहिती अनधिकृतपणे पाहिली गेली असण्याची शक्यता आहे.’ पॉलिसीवर ते, पत्नी, आई आणि अकरावीतली मुलगी. क्लेमच्या वेळी पॅन, आधार, रद्द केलेला चेक, आईचं डिस्चार्ज कार्ड असं सगळं अपलोड केलेलं. मित्र म्हणतात, एटीएम कार्ड बदलून घ्या. बँकेतला ओळखीचा माणूस म्हणतो, काही होत नाही हो. बहीण न्यू जर्सीत असते, ती म्हणते, दादा, क्रेडिट फ्रीझ करून टाक, म्हणजे आपल्या कर्जाच्या नोंदींना कुलूप. यातलं कुणाचं ऐकायचं?

सर, मी एकोणीस वर्षं बँकेत होते. त्यातली शेवटची आठ कर्ज-फसवणुकीच्या फायली तपासण्यात गेली. आता पुण्यात बसून लोकांच्या क्रेडिट रिपोर्टातली, म्हणजे कर्जांच्या नोंदवहीतली, भुतं उतरवते. तेव्हा उत्तर जरा लांबेल.

कार्ड बदलायला माझी हरकत नाही, दहा मिनिटांचं काम आहे. पण चोराच्या हाती जे गेलंय त्यात कार्ड बहुधा नाहीच. १ ऑक्टोबर २०२२ पासून आपल्याकडे दुकानांना आणि ॲपवाल्यांना ग्राहकाचा पूर्ण कार्ड नंबर स्वतःजवळ साठवता येत नाही, त्या जागी टोकन, म्हणजे बदली नंबर, ठेवावं लागतं. गेलंय ते केवायसीचं बाड: पॅन, आधार, जन्मतारीख, पत्ता, मोबाइल नंबर, सही. कार्ड नवं मिळतं, पॅन मिळत नाही. ‘हरवलं’ म्हणून अर्ज केलात तरी छापून येणाऱ्या पॅनवर तोच नंबर असतो, आणि दुसरं पॅन काढायला गेलात तर दहा हजारांचा दंड. हे बाड आज कोणी विकत घेतलं तर तीन वर्षांनीही ते तितकंच ताजं असेल.

म्हणून खात्यातल्या पैशांपेक्षा मला जास्त काळजी वाटते ती तुम्ही कधीच न घेतलेल्या कर्जाची. खात्यातून पैसे गेले तर तुमच्या मोबाइलवर मेसेज वाजतो. कर्ज तुमच्या नावावर आणि मेसेज भलत्याच्या मोबाइलवर, असं झालं तर ते कळतं दोन वर्षांनी, मुलीच्या शैक्षणिक कर्जाचा अर्ज परत येतो तेव्हा.

माहिती फुटणं तुमच्याच बाबतीत घडलंय असं समजू नका. २०२१ च्या मे महिन्यात एअर इंडियाने जाहीर केलं की जवळपास दहा वर्षांच्या काळातल्या ४५ लाख प्रवाशांची माहिती बाहेर गेली. सप्टेंबर २०२४ मध्ये स्टार हेल्थच्या ग्राहकांची कागदपत्रं टेलिग्रामवरच्या बॉटला, म्हणजे आपोआप उत्तरं देणाऱ्या प्रोग्रॅमला, विचारली की मिळत होती, त्यात क्लेमचे आणि आजारपणाचे कागदही होते. विम्याची माहिती फुटणं जास्त वाईट ते यासाठी. पिझ्झावाल्याकडे तुमचा पत्ता असतो, विमा कंपनीकडे आख्खं घर असतं.

कंपनीच्या मेलला उत्तर पाठवा, पण मेलमधल्या लिंकवर टिचकी मारून नको. पॉलिसीच्या कागदावर छापलेल्या तक्रार विभागाच्या पत्त्यावर पाठवा, कारण ‘तुमची माहिती फुटली आहे’ असे मेल चोरही पाठवतात. तीनच गोष्टी विचारा. माझी नेमकी कोणती माहिती गेली? नुसता मजकूर गेला की कागदांच्या प्रती? माझ्या पॉलिसीवर नोंदलेला मोबाइल, ईमेल आणि बँक खातं आज काय आहे? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नीट वाचा. कुणी तिथे आपलं खातं घुसवलं असेल तर क्लेमचे पैसे परस्पर जातील. कंपनी दाद देत नसेल तर विमा नियामकाचा तक्रार नंबर १५५२५५.

आता पहिल्या पंधरा दिवसांतला खरा धोका. फोन येईल. तो साधारण असा असतो: ‘नमस्कार, अमुक इन्शुरन्समधून बोलतेय. आपल्या आईंचा मोतीबिंदूचा क्लेम होता ना मार्चमधला? त्यात सहा हजार चारशे डिडक्ट झाले होते बघा, ते आता रिलीज झालेत. खातं तेच ना, शेवटचे चार आकडे…’ आणि आकडे बरोबर असतात. हॉस्पिटलचं नाव बरोबर, डॉक्टरांचं आडनाव बरोबर. माणूस इथेच विरघळतो. ओटीपी कुणाला सांगू नये हे आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे, पण इतकं सगळं खरं सांगणारी बाई खोटी असेल हे मनाला पटत नाही. समोरच्याला तुमची माहिती आहे यावरून, तुमची माहिती फुटली आहे एवढंच सिद्ध होतं. बँका आणि विमा कंपन्यांच्या सेवा कॉलसाठी १६०० ने सुरू होणारे नंबर आहेत. साध्या दहा आकडी मोबाइलवरून कुणी ‘विमा कंपनीतून’ बोलत असेल तर फोन ठेवायचा आणि पॉलिसीवरच्या नंबरवर आपण लावायचा. बँकांची संकेतस्थळंही आता ‘डॉट बँक डॉट इन’ या शेपटीवर आणली आहेत, पत्त्याच्या पट्टीत तेवढं बघत जा. आईला मात्र हे सगळं सांगत बसू नका. ‘पैशाचं कुणी बोललं की म्हणायचं, मुलगा घरी आल्यावर करा,’ एवढं एकच वाक्य तिच्याकडून पाठ करून घ्या.

मोबाइल नंबर हा या सगळ्याचा खुंटा आहे. आधारचा ओटीपी त्यावर, बँकेचा त्यावर, मेल परत मिळवायचा तोही त्यावर. दूरसंचार खात्याच्या संचार साथी संकेतस्थळावर जाऊन तुमच्या नावावर किती सिम चालू आहेत ते पाहा. कायद्याने नऊपर्यंत घेता येतात. माझ्याकडे आलेल्या एका बाईंच्या नावावर सात होती, त्यांना दोन माहीत होती. ‘हा माझा नंबर नाही’ असं तिथेच कळवता येतं. आणि कधी फोनची रेंज अचानक गेली, घरातल्या इतरांच्या त्याच कंपनीच्या फोनला मात्र आहे, असं झालं तर टॉवरचा दोष समजून झोपून जाऊ नका. दुसऱ्याच्या फोनवरून कंपनीला विचारा की माझ्या नंबरचं नवं सिम कुणी काढलंय का. सिम बदलल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद ठेवण्याचा नियम आहे. तेवढाच वेळ तुमच्या हाती असतो.

पासवर्डचं थोडक्यात: विमा कंपनीच्या पोर्टलला जो पासवर्ड होता तोच मेललाही असेल तर आधी मेलचा बदला आणि त्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावा. बाकीचे सवडीने.

आता मुख्य काम. आपल्याकडे क्रेडिट माहिती ठेवणाऱ्या परवानाधारक कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पिरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. लोक ‘सिबिल काढलं’ म्हणतात आणि एकावर थांबतात. प्रत्येक कंपनीने तुम्हाला वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट दिला पाहिजे, रिझर्व्ह बँकेचा तसा आदेश आहे. या वेळी चारही काढा. कारण असं, की कर्ज मिळालं तर त्याची नोंद चारही ठिकाणी जाते, पण कर्जासाठी नुसती चौकशी झाली तर ती ज्या कंपनीकडे झाली तिच्याच रिपोर्टात दिसते. चोराने तीन ठिकाणी अर्ज टाकले, दोन फेटाळले गेले आणि तिसरा अजून मंजूर व्हायचाय, अशा वेळी त्या चौकशीच्या ओळीच काय तो धूर. पुढच्या वर्षीपासून मग एकेक काढा: जानेवारीत एक, एप्रिलमध्ये दुसरा, जुलैत तिसरा, ऑक्टोबरात चौथा. फुकटात वर्षभर पहारा होतो. आणि आपणच आपला रिपोर्ट पाहिल्याने स्कोअर पडत नाही, ही भीती काढून टाका. रिपोर्ट त्या चार कंपन्यांच्या स्वतःच्या संकेतस्थळांवरून घ्या. ‘फ्री स्कोअर’ दाखवणाऱ्या ॲपच्या वाटेला मी जात नाही. माहिती फुटली म्हणून आणखी चार जणांना माहिती देण्याचा तो प्रकार आहे.

रिपोर्ट वाचायचा कसा, हे कुणी सांगत नाही म्हणून सांगते. पहिल्या पानावरचा ३०० ते ९०० मधला मोठा आकडा बाजूला ठेवा. त्याकडे बघून लोक खूश होतात किंवा हादरतात, आणि रिपोर्ट मिटून टाकतात. त्याखाली वैयक्तिक माहितीचा भाग असतो: पत्ते, फोन नंबर, ईमेल. तिथे एकाखाली एक ओळी असतात, कारण जो कर्जदाता जे कळवेल ते तिथे साठत जातं. कराडच्या माणसाच्या पत्त्यांत दुसऱ्या राज्यातलं एखादं गाव, किंवा ओळखीचे दोन नंबर आणि खाली तिसराच: बहुतेक वेळा पहिला माग इथेच लागतो. मग शेवटाकडचा चौकशीचा तक्ता बघा, कोणत्या तारखेला कोणत्या वित्तसंस्थेने तुमच्याबद्दल विचारलं. नाव अनोळखी वाटलं म्हणून लगेच घाबरू नका, हप्त्यावर घेतलेल्या मोबाइलमागे कधी कधी भलत्याच नावाची वित्तसंस्था असते. सगळ्यात शेवटी खाती, एकेक.

चिंचवडचा एक मुलगा माझ्याकडे आला होता. कारखान्यात सुपरवायझर, लग्न ठरलेलं, गृहकर्ज नाकारलेलं. रिपोर्टात त्याच्या नावावर एकाच वित्तसंस्थेची तीन छोटी कर्जं: ३,२००, ५,००० आणि ८,५०० रुपये. तिन्ही थकलेली. थकबाकीच्या दिवसांचा जो डीपीडीचा रकाना असतो त्यात महिन्यामागून महिना आकडे वाढत गेलेले. मुलगा म्हणाला, ‘मॅडम, सोळा हजार सातशेच आहेत. भरून टाकतो आणि मोकळा होतो.’ मी त्याचा अक्षरशः हात धरला. भरलं की ते कर्ज तुम्ही मान्य केलं. तडजोड करून भरलं तर नोंदीत ‘सेटल्ड’ असा शिक्का बसतो आणि पुढचा बँकवाला त्याचा अर्थ ‘याने पूर्ण पैसे दिले नाहीत’ असाच लावतो. न घेतलेल्या कर्जाचा एक रुपयाही भरू नका, मग वसुलीवाला कितीही बोंबलो. त्याला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातच्या नंतर फोन करायला बंदी आहे, हेही लक्षात ठेवा.

वित्तसंस्थेला आम्ही लिहिलं. उत्तर नेहमीचं: ‘केवायसी जुळलं आहे, ओटीपीने संमती घेतली आहे.’ बरोबर आहे, ओटीपी गेला होता. रिपोर्टातल्या त्या तिसऱ्या नंबरावर गेला होता. मग दुसरं पत्र, त्यात एकच प्रश्न ठळक केला: कर्जाची रक्कम कोणत्या खात्यात जमा केली? डिजिटल कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेचे सप्टेंबर २०२२ पासूनचे नियम सांगतात की पैसे थेट कर्जदाराच्या बँक खात्यातच जायला हवेत, मधल्या कुणाच्या नाही. म्हणजे एक तर पैसे भलत्याच माणसाच्या खात्यात गेले, ही वित्तसंस्थेची चूक. किंवा त्या मुलाच्या नावाने कुठे तरी खोटं खातं उघडलं गेलं, ही त्या बँकेची. दोन्हींत मुलगा सुटतो. इथे दुसरं निघालं. त्याने कधी नावही न ऐकलेल्या बँकेत, त्याच्या पॅनवर खातं होतं. त्या दिवसापासून वित्तसंस्थेची भाषा बदलली.

तुमच्यावर वेळ आली तर मजकूर असा ठेवा: ‘कर्ज खाते क्रमांक अमुक. हे कर्ज मी घेतलेले नाही, त्यासाठी अर्ज केलेला नाही, रक्कम मला मिळालेली नाही. अर्जाची प्रत, जोडलेले केवायसी, फोटो, ज्या मोबाइलवर ओटीपी पाठवला तो क्रमांक, अर्जाच्या वेळचा आयपी पत्ता आणि रक्कम जमा केलेल्या खात्याचा तपशील द्यावा. चौकशी होईपर्यंत वसुली थांबवावी व नोंद दुरुस्त करावी.’ विनंतीची वाक्यं घालू नका, आजारपण सांगू नका. त्याच दिवशी क्रेडिट कंपनीच्या संकेतस्थळावरही ‘हे खातं माझं नाही’ असा वाद नोंदवा. सिबिल काय नि एक्स्पिरियन काय, आपल्या मनाने नोंद खोडत नाहीत, कर्जदात्याने होकार दिल्यावरच दुरुस्ती होते, म्हणून दोन्हीकडे एकदमच लिहायचं.

तारीख जपा. तक्रार केल्यापासून ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये तुम्हाला द्यायचे, असा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. चिंचवडच्या मुलाचं काम ७१ दिवस चाललं. वरच्या एकेचाळीस दिवसांचे ४,१०० रुपये त्याच्या खात्यात आले, तेही मागितल्यावर. रक्कम मोठी नाही, पण तिचा आकडा पत्रात लिहायला लागलं की फाइल हलते, हा माझा अनुभव. तरीही दाद नाही लागली तर रिझर्व्ह बँकेचा लोकपाल: तक्रार ऑनलाइन, फुकट, वकील लागत नाही, माहितीसाठी १४४४८. सप्टेंबर २०२२ पासून क्रेडिट माहिती कंपन्याही लोकपालाच्या कक्षेत आहेत, हे बऱ्याच बँकवाल्यांनाही ठाऊक नसतं.

तुमचा रिपोर्ट कुणी मागवला की तुम्हाला एसएमएस किंवा मेल यावा, असाही रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. चांगला आहे. पण तो मेसेज जातो रेकॉर्डवरच्या नंबरवर. तुमचा नंबर सहा वर्षांपूर्वी बदललेला आणि बँकेत जुनाच पडलेला असेल तर पहारेकरी दुसऱ्याच्याच दारात शिट्टी वाजवणार. तेव्हा या आठवड्यात बँकेत जाऊन मोबाइल आणि ईमेल तपासून घ्या.

पॅनचा दुरुपयोग कर्जापुरताच असतो असं नाही. जीएसटीच्या संकेतस्थळावर पॅन टाकून शोधलं की त्या पॅनवर घेतलेले जीएसटी नोंदणी क्रमांक दिसतात. शिक्षकाच्या पॅनवर तिथे एखादी ‘ट्रेडिंग कंपनी’ निघाली तर समजायचं, कुणी खोटी बिलं फाडायला नाव वापरलंय. मजुरांना, रिक्षावाल्यांना कोट्यवधींच्या कराच्या नोटिसा येतात त्या बातम्यांमागे बहुधा हेच असतं. आयकराच्या पोर्टलवर वार्षिक माहिती विवरण असतं, तेही रिटर्न भरण्यापुरतं न उघडता अधूनमधून चाळा: अनोळखी व्याज, अनोळखी खरेदी.

रद्द केलेल्या चेकबद्दल फार घाबरू नका. नुसत्या खाते क्रमांकावर पैसे निघत नाहीत. फक्त, त्यावर सही केली होती का ते आठवा. आपल्याकडे रद्द चेकवरही झोकात सही ठोकायची सवय आहे, तिची काही गरज नसते. केली असेल तर पॉझिटिव्ह पे सुरू करून घ्या, म्हणजे मोठ्या रकमेचा चेक तुम्ही आधी कळवल्याशिवाय वटणार नाही.

खरोखर पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०, त्या क्षणी. आधी शाखेत जाऊन साहेबांना भेटतो, असं नको. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात उड्या मारत जातात आणि ते अडवायचे तर मिनिटं मोजावी लागतात. बँकेलाही लेखी कळवा. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तिसरीकडेच माहिती फुटलेली, अशा व्यवहारात तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर तोशीस नाही, असं रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे. ओटीपी स्वतः सांगितला असेल तर ही ढाल चालत नाही. पैसे न जाता नुसतं नाव वापरलं गेलं असेल तर राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार टाका. दुसऱ्याची ओळख वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद. चोर सापडेलच असं मी सांगत नाही, पण त्या तक्रारीचा क्रमांक पत्राला जोडला की कर्जदात्याला तुम्हाला थकबाकीदार म्हणणं जड जातं.

आता न्यू जर्सीची बहीण. तिचं तिच्यापुरतं शंभर टक्के बरोबर आहे. अमेरिकेत २०१७ मध्ये इक्विफॅक्सकडूनच जवळपास १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती गेली, कारण एका सॉफ्टवेअरची उपलब्ध असलेली दुरुस्ती बसवायची राहिली होती. ज्याच्याकडे तिजोरी, त्याच्याच घरी चोरी. त्या गदारोळानंतर कायदा झाला आणि २१ सप्टेंबर २०१८ पासून तिथे फ्रीझ फुकट मिळू लागलं. तिथल्या तीन क्रेडिट कंपन्यांकडे तिने ते लावून ठेवावं. फ्रीझ असताना नवा कर्जदाता रिपोर्ट उघडूच शकत नाही, आणि स्वतःला कर्ज हवं तेव्हा ऑनलाइन तासाभरात उघडता येतं. आपल्याकडे असं कायद्याने दिलेलं कुलूप नाही. म्हणूनच चार रिपोर्टांचा एवढा खटाटोप.

कंपनीकडून भरपाई मिळेल का, असं तुम्ही विचारलेलं नाही, पण मनात असेलच. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. सुरक्षेत हयगय केल्याबद्दल २५० कोटींपर्यंत दंडाची तरतूद आहे. तो दंड सरकारजमा होतो. ज्याचं पॅन फुटलं त्याला त्यातला छदामही नाही. हे मला पटत नाही, पण आहे ते असं आहे.

राहिली आई, आणि तिची गोष्ट मी मुद्दाम शेवटी ठेवली, कारण तिथे घाई करून उपयोग नाही. आधारशी जोडलेल्या खात्यातून गावच्या बँकमित्राकडे अंगठा लावून पैसे निघतात. त्याला ओटीपी लागत नाही, पिन लागत नाही. बँकेचं नाव, आधार नंबर आणि ठसा, बस. तिचा आधार नंबर आता बाहेर गेलाय असं धरा. ठसा कुठून मिळणार, असं वाटेल. २०२३ मध्ये पश्चिम बंगालात जमिनीच्या नोंदणी दस्तांवरचे ठसे उचलून लोकांची खाती रिकामी केल्याची प्रकरणं पोलिसांनी उघडकीला आणली. उपाय सोपा आहे: मायआधार संकेतस्थळावर किंवा आधारच्या ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करायचं. चौघांचंही करा. तिथेच मागच्या सहा महिन्यांत आधार कुठे कुठे वापरला गेला त्याचा इतिहास दिसतो, तोही पाहा. आणि यापुढे प्रत द्यायची वेळ आली तर शेवटचे चारच आकडे दिसणारं मास्क्ड आधार द्या. हॉटेलवाल्याला, सोसायटीच्या सेक्रेटरीला तेवढं पुरतं. मीही एकदा लग्नाच्या हॉलवाल्याला व्हॉट्सॲपवर आख्खं आधार पाठवून बसले होते, तेव्हा उपदेश जरा हळूच करते.

फक्त लॉक करण्याआधी एक बघा. आईचं नाव रेशनकार्डावर असेल आणि दुकानात अंगठा तीच देत असेल, तर लॉक असताना ते यंत्र तिचा ठसा घेणार नाही. पडद्यावर ३३० असा आकडा येतो, दुकानदाराला त्याचा अर्थ माहीत नसतो, तो म्हणतो, ‘आजी, तुमचे ठसे पुसले गेलेत.’ आणि म्हातारं माणूस रिकामी पिशवी घेऊन घरी येतं. नोव्हेंबरात पेन्शनचा हयातीचा दाखला अंगठ्याने द्यायचा असेल तर तिथेही हेच. लॉक दहा मिनिटांपुरतं उघडता येतं, पण त्यासाठी ओटीपी ज्या मोबाइलवर येतो तो त्या वेळी तिच्यासोबत दुकानात हवा. तिचं आधार तुमच्या मोबाइलला जोडलेलं असेल आणि तुम्ही शाळेत तासावर असाल तर काय, ते आधी ठरवा. या महिन्याचं रेशन आणायचं बाकी असेल तर ते आणू द्या, आणि त्याच संध्याकाळी तिचं लॉक लावा.